बीपी-शुगरचा पेशंट दुसऱ्या महिन्यात कुठे जातो?

ओपीडी_साडेनऊ

तपासणी मोहिमा आता कुणाला नव्या नाहीत. तिशीपुढच्या माणसाचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका विचारणारी प्रश्नावली), उपकेंद्रात बीपी-शुगर, पोर्टलवर नोंद, हे बऱ्यापैकी होतं. खरी गळती त्यानंतर सुरू होते. कार्ड निघतं, पहिल्या गोळ्या जातात आणि पुढच्या महिन्यात माणूस गायब.

जरा हिशेब मांडू. सपाटीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या ३०,००० धरा. त्यात तिशीपुढचे साधारण ३७ टक्के, म्हणजे ११,१००. त्यातल्या चौथ्या हिश्श्याला जरी बीपी असेल तरी सुमारे २,७०० माणसं. प्रत्येकजण महिन्यातून एकदा आला तर २५ दिवसांच्या ओपीडीत रोज १०८ नुसते बीपीचे. बाळंतपण, लसीकरण, साप-विंचू, ताप-खोकला वेगळे. एका मेडिकल ऑफिसरला हे झेपणारच नाही. तेच २,७०० सहा उपकेंद्रांत वाटले तर प्रत्येकी ४५०, म्हणजे दिवसाला १८. हे जमण्यासारखं आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. सहा महिने नवीन पेशंट शोधणं बंद ठेवावं आणि जे सापडलेत त्यांना गोळ्या उपकेंद्रात, तीस दिवसांच्या, न चुकता द्याव्यात. ज्यांना पटत नाही त्यांनी का पटत नाही ते लिहा. अनुभवकथन नको, काय करायचं ते सांगा.

तंबाखू_सोडली_शप्पथ

डॉक्टर, दुसऱ्या महिन्यात तो बरा झालेला असतो. "बीपी नॉर्मल आली, गोळी बंद केली." इतकं साधं आहे ते.

उपकेंद्र_क्रमांक_चार

वरच्यांनी गमतीत लिहिलं, पण गळतीचं पहिलं कारण तेच आहे. त्यावर उपायही साधा आहे. दुसऱ्या भेटीत बीपी १२८/८० आली की "नॉर्मल आहे" म्हणून थांबायचं नाही. "गोळीमुळे १२८ आहे, गोळी थांबली की महिन्याभरात परत वर जाईल" असं पूर्ण वाक्य म्हणायचं, आणि घरातलं कुणी सोबत असेल तर त्याच्यासमोर म्हणायचं.

दुसरं कारण आमच्या बाजूचं. अजून बऱ्याच ठिकाणी सात किंवा दहा दिवसांच्या गोळ्या देतात, साठा पुरवायचा म्हणून. मजुरीवर जाणारी बाई महिन्यात तीन वेळा रोज बुडवून येणार नाही. पहिल्यांदा येते, दुसऱ्यांदा सुनेला पाठवते, तिसऱ्यांदा कुणीच येत नाही.

नवीन शोधणं बंद करा हे मात्र मान्य नाही. महिन्याचं उद्दिष्ट आम्ही ठरवत नाही. शिवाय गर्भवतीची तपासणी थांबवणार का? क्षयरोगाच्या पेशंटची शुगर बघायची थांबवणार?

ओपीडी_साडेनऊ

@उपकेंद्र_क्रमांक_चार, ताई, गर्भवती आणि टीबीचे वगळूनच म्हणत होतो, लिहायचं राहिलं. मोहिमेतल्या आकड्यांबद्दल बोलतोय.

इंडेंट_आणि_आंदोलन

फार्मसीच्या खिडकीतून लिहितो. सात दिवसांच्या गोळ्या का निघतात, तर मागणी गेल्या वर्षीच्या खपावर जाते म्हणून. गेल्या वर्षी तीन महिने बीपीची गोळी अम्लोडिपिन नव्हती, तर खप कमी दिसला. खप कमी म्हणून यंदाची मागणी कमी. मागणी कमी म्हणून परत तुटवडा. ई-औषधीवर, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी पोर्टलवर, आकडा चढला की तो ब्रह्मवाक्य होतो.

मागणी पेशंटच्या संख्येवर करा. ४०० बीपीचे नोंदलेले असतील आणि पहिली गोळी सगळ्यांना अम्लोडिपिन ५ असेल, तर ४०० × ३० = महिन्याला १२,०००. तिमाहीला ३६,०००, वर एका महिन्याचा राखीव साठा, झाले ४८,०००. निम्म्यांना दुसरी गोळी लागते असं धरलं तर टेल्मिसार्टन ४० चे महिन्याला ६,०००. राखीव साठ्याला हात लागला की त्याच दिवशी मागणी करायची, तिमाही संपायची वाट बघायची नाही. मध्ये खंड पडलाच तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी होते, पण त्याला ठराव लागतो. तो ठराव वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवा. गोळ्या संपल्यावर सभा बोलावलीत तर कोरम होईपर्यंत पेशंट खाजगीत गेलेला असतो.

आणि उपकेंद्राच्या कपाटात जुनी मुदत पुढे, नवी मागे. सांगायची गरज नसावी, पण आहे.

कन्सल्टिंग_वाला

सगळ्यांना अम्लोडिपिन ५, मग टेल्मिसार्टन, मग पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. हे स्वयंपाकाचं पुस्तक झालं, उपचार नाही. तरुण पेशंट, वयस्कर पेशंट, किडनीचा पेशंट, मधुमेही, सगळ्यांना एकच माप? आम्ही बाहेर पेशंट बघून औषध ठरवतो.

ओपीडी_साडेनऊ

@कन्सल्टिंग_वाला, सर, प्रोटोकॉल दहातल्या आठांसाठी असतो, उरलेले दोघं वरच्या दवाखान्यात पाठवायचे असतात. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हचं, म्हणजे आयएचसीआयचं सूत्र हेच होतं: मोजकी औषधं, ठरलेले डोस, गोळ्या जवळच्या केंद्रात, आणि कोण आलं नाही याची यादी. आपल्याकडचे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. औषधं तीनच असली की साठा करता येतो. पंधरा ब्रँड लिहिले की एकही पुरेसा राहत नाही.

आणि बाहेर काय दिसतं? बीपी १५६/९४, डॉक्टर म्हणतात "थोडी जास्त आहे, मीठ कमी करा, पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळीही तेच. डोस वाढवायचा कंटाळा हा सरकारी-खाजगी दोन्हीकडचा आजार आहे. प्रोटोकॉलचा फायदा असा की महिन्याभरानंतरही १४० च्या वर असेल तर पुढची पायरी ठरलेली असते, विचार करण्याच्या नावाखाली टाळता येत नाही. अर्थात गोळ्या रोज घेतल्या का हे आधी विचारायचं.

कन्सल्टिंग_वाला

डोस न वाढवण्याबद्दल बोललात ते खरं आहे, मान्य. पण मग वर कधी पाठवायचं हेही लिहा. टेल्मिसार्टन गर्भवतीला चालत नाही, मूल होण्याच्या वयातल्या बाईला विचारल्याशिवाय देऊ नये. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावं, निदान किडनीची शंका असेल त्यांचं तरी. क्लोरथॅलिडोन १२.५ ही पाण्याची गोळी म्हाताऱ्या माणसाला दिली आणि उन्हाळ्यात जुलाब लागले तर सोडियम खाली येतं, माणूस बरळायला लागतो आणि घरचे लकवा समजून आणतात. १८०/११० च्या वर बीपी असून छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही असेल तर गोळी देऊन घरी पाठवायचं नाही, सरळ १०८ बोलवायची. तिसऱ्या गोळीनंतरही बीपी हटत नसेल तर वर पाठवा. चाळिशीच्या आतल्या माणसाची बीपी खूप जास्त असेल तर सुरुवातीलाच पाठवा.

उपकेंद्र_क्रमांक_चार

@कन्सल्टिंग_वाला, हे छापून भिंतीवर लावते. अम्लोडिपिनने पाय सुजतात, त्याचं काय? अर्धे त्यामुळेच बंद करतात.

कन्सल्टिंग_वाला

ती सूज डोसवर असते, ५ पेक्षा १० मध्ये जास्त. लघवीच्या गोळीने ती जात नाही, ते देत बसू नका. १० वरून ५ वर या आणि टेल्मिसार्टन जोडा, बऱ्याचदा उतरते. मात्र धाप लागत असेल, एकच पाय सुजला असेल किंवा चेहराही सुजला असेल तर ती अम्लोडिपिनची सूज समजू नये.

कफ_नीट_बांधा

मंडळी, औषधावर भांडताय पण आकडा बरोबर आहे का? ओपीडीत बीपी कशी घेतात: माणूस रांगेतून येतो, उभ्या उभ्या स्टुलावर टेकतो, सदऱ्याची बाही वर सरकवतात, हात लोंबकळतोय, सिस्टर विचारतायत "गाव कोणतं?" आणि तो उत्तर देतोय. यात तीन-चार चुका एकदम झाल्या आणि सगळ्यांनी आकडा वर नेला. मग खोटा पेशंट तयार होतो किंवा उगाच डोस वाढतो.

पाठ टेकलेली खुर्ची, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं शांत बसणं. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. हात टेबलावर, कफ (दंडाला बांधायचा पट्टा) हृदयाच्या पातळीला, उघड्या दंडावर. घट्ट बाही वर सरकवून दंड आवळला की झालं, त्यापेक्षा हात बाहीतून काढा. मोजताना कुणीच बोलायचं नाही, घेणाऱ्यानेही नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वेळा घ्या आणि सरासरी लिहा. पहिल्या भेटीला दोन्ही हातांची घ्या, पुढे ज्या हाताची जास्त आली तोच हात.

कफची साईज हा तर दुर्लक्षित विषय. नेहमीचा कफ २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडाला. त्यापेक्षा जाड दंडाला तोच बांधला की आकडा खोटा वर. बारीक दंडाला मोठा बांधला की खोटा खाली. दंडाचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते, पहिल्या भेटीत मोजून कार्डावर लिहून टाका.

डिजिटल मशीनच्या बॅटऱ्या कमी झाल्या की एरर येतो किंवा पट्टा अर्धाच फुगतो, ॲडाप्टर घ्या. नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशीनचा भरवसा धरू नका, तीनदा घ्या आणि ईसीजीला पाठवा. वर्षातून एकदा मशीन तपासून घ्या.

रजिस्टर_राणी

पाच मिनिटं शांत बसवायचं? आमच्याकडे शांत फक्त नेटवर्क असतं.

कफ_नीट_बांधा

@रजिस्टर_राणी, जागा बदला, वेळ वाढत नाही. केसपेपरच्या रांगेऐवजी बाकडं ठेवा आणि बीपीचं टेबल बाकड्याच्या शेवटी. रांगेतला वेळच विश्रांतीचा होतो.

आणि तुमचं नाव बघून आठवलं. रजिस्टरची एक सोपी परीक्षा आहे. शेवटचा अंक बघा. डिजिटल मशीनवर शून्याने संपणारे आकडे दहातला एक इतकेच यायला हवेत. पानभर १२०/८०, १३०/८०, १४०/९० दिसत असेल तर तो पेशंटचा दाब नाही, लिहिणाऱ्याच्या कंटाळ्याचा आहे.

रजिस्टर_राणी

अंतर्यामी आहात तुम्ही. 🙏

लाल_पेशी

शुगरच्या आकड्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून. ग्लुकोमीटर चांगलं असलं तरी पट्टी हवेतली ओल धरते. डबी उघडली की लगेच झाकण, आणि उघडल्याची तारीख डबीवर पेनने. उघडल्यावर किती दिवस चालते ते वेष्टनावर असतं, ते वाचा. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली डबी बाद समजा. बोटाला केळं, गूळ, पेढा लागलेला असेल तर शुगर ३०० दाखवते. साबण-पाण्याने धुऊन कोरडं करा. स्पिरिट लावलं तर ते सुकू द्या. बोट पिळून पिळून थेंब काढू नका, हात खाली सोडून चोळा.

शिबिरात ग्लुकोमीटरवर कधीही घेतलेली १४० आली की तो मधुमेही ठरत नाही. त्याला उपाशीपोटी आणि दोन तासांनंतरची करायला पाठवायचं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.५ किंवा जास्त, तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारू नका, दुसऱ्यांदा करा.

आता एचबीए१सीचं. आपल्याकडे सगळे तिच्या प्रेमात आहेत, पण गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, एचबीए१सी खोटी कमी येते. वाहक असेल तर काही मशीनवर गडबड होते, काहींवर नाही, लॅबला विचारावं लागतं. लोहाच्या कमतरतेत उलट, थोडी खोटी जास्त येते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर विसरा. आणि ॲनिमियात ग्लुकोमीटरसुद्धा थोडी जास्तच दाखवतं. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईच्या एचबीए१सीवर इन्सुलिन ठरवू नये. तिथे रोजच्या उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या आकड्यांवर चालायचं.

खर्डा_भाकर

गोळ्या-मशीन झालं, मिठाचं काय? डॉक्टर म्हणतात "मीठ कमी करा." किती कमी? कोणी सांगत नाही.

पानातलं_पहिलं

@खर्डा_भाकर, मोजायची सोपी पद्धत. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली असं डब्ल्यूएचओ सांगते. पाच माणसांच्या घराला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस जायला हवा. पुड्यावर उघडल्याची तारीख लिहा. वीस दिवसांत संपला तर घरात दुप्पट मीठ जातंय. यात पापड, लोणचं, शेव-फरसाण, सुकट-बोंबील, वेफर धरलेले नाहीत, ते वेगळेच.

कमी कुठे करायचं: भातातलं आणि चपाती-भाकरीच्या पिठातलं मीठ आधी बंद, चवीत सगळ्यात कमी कळतं ते तिथे. ताटात डावीकडे मिठाची चिमूट वाढायची पद्धत बंद. मग ताक. भाजीचं हळूहळू.

तंबाखू_सोडली_शप्पथ

आमच्याकडे सैंधव आहे, आम्हाला बीपी होणार नाही.

पानातलं_पहिलं

सैंधवही सोडियम क्लोराईडच, महाग आणि गुलाबी. 😄 बाजारात पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र खरंच कमी आहे. पण किडनीचा त्रास असणाऱ्याने किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

इंडेंट_आणि_आंदोलन

सैंधव आलं म्हणजे उपास आलाच. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणाऱ्याने एकादशीला ती घेऊन दुपारपर्यंत काही खाल्लं नाही की घाम, थरथर, भान जाणं. उलट दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्ला की शुगर साडेतीनशे. दोन्ही बाजूंनी मार. ज्या दिवशी सकाळचं खाणं नाही त्या दिवशी ग्लिमेपिराइड नाही, हे पाकिटावर लिहून द्या. मेटफॉर्मिन या शुगरच्या दुसऱ्या गोळीने एकट्याने शुगर सहसा खाली जात नाही, ती जेवताना घ्यायची. रमजानचे रोजे धरणाऱ्यांचे डोस महिनाभर आधी बसून बदलायचे.

शुगर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, मग खाणं. ग्लिमेपिराइडमुळे उतरली असेल तर सावरल्यावर घरी सोडायची घाई नको, काही तासांनी परत उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही.

लाल_पेशी

याला जोडून. उलट्या-जुलाब लागलेल्या दिवशी मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची आणि केंद्रात यायचं. इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नाही.

गुडघे_आणि_गाव

एक मोठी गोष्ट राहिली. बीपी हटत नाही म्हणून तिसरी गोळी जोडता, पण पेशंट गुडघेदुखीसाठी दर आठवड्याला कुठूनतरी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतोय हे विचारलं का? दुखणी मारणाऱ्या गोळ्यांनी बीपी वाढते, आणि टेल्मिसार्टन + क्लोरथॅलिडोन + डायक्लोफेनॅक असं त्रिकूट किडनीला फार वाईट. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या "दम्याच्या", "संधिवाताच्या" पुड्यांत स्टिरॉइड असू शकतं, मग शुगर अचानक साडेतीनशे का झाली कळत नाही. "अजून कुठली औषधं घेता?" विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "पिशवी आणा, सगळी पाकिटं दाखवा" म्हटलं की सगळं बाहेर पडतं. दुखण्याला पॅरासिटामॉल द्या.

अनवाणी

पिशवी बघता तसे पायही बघा, चप्पल काढून. मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) नसलं तरी अडत नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगा, दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने अलगद स्पर्श करा, एक-दोन सेकंद. एकूण सहा जागा. दाबायचं नाही, घासायचं नाही. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना गेलीय. त्याला अनवाणी चालणं बंद, कोमट पाण्यातही पाय बुडवायच्या आधी दुसऱ्याच्या हाताने तपासणी, आणि दर भेटीला पाय बघणं. भातलावणीच्या चिखलात आणि वारीच्या वाटेवर याच पायांना फोड येतात आणि कळत नाहीत. मिनिटभराचं काम आहे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी टाईप टू मध्ये निदानाच्या वेळीच, मग वर्षाला. "नीट दिसतंय" हा निकष नाही.

रजिस्टर_राणी

धागा पायापर्यंत पोचला, आता परत वर या. 😀 मूळ प्रश्न दुसऱ्या महिन्याचा होता. न आलेल्यांची यादी काढायची कशी? पोर्टलवर नोंदणीचा आकडा झळकतो, न आलेल्याचं नाव शोधायला वीस क्लिक.

ओपीडी_साडेनऊ

@रजिस्टर_राणी, कागदावर करा, पोर्टल नंतर भरा. एक लाकडी खोका, त्यात बारा महिन्यांचे कप्पे. पेशंटचं उपचार कार्ड ज्या महिन्यात परत यायचंय त्या कप्प्यात टाकायचं. आला की कार्ड काढून पुढच्या कप्प्यात. महिना संपला की त्या कप्प्यात जी कार्डं उरली ती म्हणजे यादी. क्लिक शून्य. ती त्याच आठवड्यात आशाताईंना गावनिहाय वाटायची. तीन महिने न आलेल्याकडे सीएचओने, म्हणजे उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने, स्वतः जायचं.

आणि मोजायचं काय? मागच्या तिमाहीत नोंदलेल्यांपैकी या तिमाहीत किती जणांची शेवटची बीपी १४०/९० च्या खाली, किती जणांची वर, किती आलेच नाहीत. तीन आकडे. "आलेच नाहीत" हा आकडा पाहिल्याशिवाय आढावा बैठक संपवू नये. नियंत्रणाचे टक्के काढताना न आलेले भागाकारातून वगळले की सगळं छान दिसतं, ती चलाखी पकडा.

उपकेंद्र_क्रमांक_चार

खोका करते. पण आशाला फॉर्म भरायला जसं सांगितलं जातं आणि विचारलं जातं, तसं न आलेल्या माणसाकडे जाण्याबद्दल कुणी विचारत नाही. मोबदलाही तुटपुंजा आणि उशिरा. तिने का जावं? हे कुठल्या खोक्यात बसतं?

ओपीडी_साडेनऊ

ताई, बसत नाही. म्हणून तर मोहीम थांबवा म्हणत होतो, त्यांचे तेच तास इकडे येतील. तुम्ही म्हणता तशी सरसकट नको. ज्या उपकेंद्रात "आलेच नाहीत" तिसऱ्या हिश्श्याच्या वर असतील तिथेच थांबवा, हे चालेल का?

उपकेंद्र_क्रमांक_चार

हे चालेल.

ऊस_आणि_उपचार

बीडकडचा प्रश्न विचारतो. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, परत येतात मार्च-एप्रिलला. सहा महिने ही माणसं तुमच्या "आलेच नाहीत" मध्ये राहणार. आशा कुणाच्या घरी जाणार?

इंडेंट_आणि_आंदोलन

त्यांच्यासाठी सप्टेंबरातच वेगळी मागणी करा. बीपी-शुगर स्थिर असलेल्यांना निघताना ९० दिवसांच्या गोळ्या, आणि कार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. कार्डावर औषधाचं मूळ नाव आणि डोस लिहा, ब्रँड नको, म्हणजे कारखान्याजवळच्या केंद्रात तीच गोळी मिळते. इन्सुलिनवाल्यांचं वेगळं बघावं लागतं, कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, फ्रिज नसतो. वापरातली वायल उन्हापासून लांब, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवतात.

उपकेंद्र_क्रमांक_चार

आणि मोबाईल नंबर दोन घ्या. एक त्यांचा, एक मुकादमाचा. त्यांचा रिचार्ज संपतो, मुकादमाचा संपत नाही.